बॅटरीवर नजर ठेवायला डिव्हायडर: 30के-10के की 1एम-330के?

गोठेवाला: गोठ्यातल्या सोलर दिव्याला 12 व्होल्ट, 7 एएचची लेड-ॲसिड बॅटरी आहे. एटमेगा328पी ही कंट्रोलर चिप दर दहा मिनिटांनी उठून तिचा व्होल्टेज बघते आणि झोपते. चार्जिंगला 14.4 पर्यंत जातो, म्हणून 15 धरून 30के-10के डिव्हायडर लावला, म्हणजे व्होल्टेज चिपला झेपेल इतका खाली आणणारे दोन रेझिस्टर, वर 30 किलोओहम, खाली 10. पिनवर जास्तीत जास्त 3.75. मित्र म्हणतो, चोवीस तास 0.3 मिलिअँप फुकट जाळतोयस. मला हा चिंगूसपणा वाटतो.

मेगाओहम: मित्राचं बरोबर आहे. झोपेत बाकीचं सर्किट किती खातं?

गोठेवाला: रेग्युलेटर धरून वीसेक मायक्रोअँप.

मेगाओहम: म्हणजे राखणदार वीस खातो आणि त्याची काठी तीनशे! 1एम-330के लावा (1एम म्हणजे 1 मेगाओहम), काठी 9 वर येईल.

जाडतार: खाऊ दे की काठीला. 0.3 म्हणजे महिन्याला 216 एमएएच. ही बॅटरी नुसती कपाटात ठेवली तरी महिन्याला तीनेक टक्के, म्हणजे तेवढीच, आपोआप उतरते. शिवाय रोज ऊन आहे. आणि चिपची डेटाशीट एडीसीसाठी, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या भागासाठी, 10केच्या आतला सोर्स (पिनला दिसणारा रेझिस्टन्स) मागते. 30के-10केचा 7.5के होतो, तुमचा अडीचशे के.

मेगाओहम: ते वाक्य सगळे वाचतात, त्यामागचं कारण कुणी वाचत नाही. आतला 14 पिकोफॅरडचा कपॅसिटर पटकन भरायला हवा, एवढंच. पिनजवळ 100 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. हौदातून चूळभर पाणी घेतल्यासारखं. हौद भरायला सव्वाशे मिलिसेकंद, तुमच्याकडे दहा मिनिटं आहेत.

कोकणातला: आमच्याकडे जुलैत येऊन हे बोला. पंपाच्या बॅटरीला मी हेच 1एम-330के लावलं होतं, कपॅसिटरसकट. मे महिन्यात मल्टिमीटरशी तंतोतंत जुळायचं. पाऊस लागला आणि अर्धा व्होल्ट कमी दाखवायला लागलं. आठवडाभर कोड तपासत बसलो! शेवटी निघाला सोल्डरिंगनंतर न पुसलेला फ्लक्स, त्यावर दमट हवा, तिथून करंट गळत होता. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून वार्निश मारलं तेव्हा ताळ्यावर आलं.

मेगाओहम: मग बोर्ड धुवा ना. घाणीचं खापर रेझिस्टरवर का?

कोकणातला: कारण 30के-10के असतं तर तेवढ्या गळतीने जेमतेम 15 मिलिव्होल्ट हलले असते. गोठ्यात बोर्ड किती दिवस स्वच्छ राहणार?

जाडतार: बरोबर!

पट्टेवाला: तुमचं चालू द्या, पण रेझिस्टरला पट्टा कोणता? सोनेरी म्हणजे किंमत 5 टक्के इकडेतिकडे. एक तेवढा जास्त, एक तेवढा कमी निघाला तर 30के-10केला 12 व्होल्टवर जवळजवळ 0.9 ची चूक. भरलेली बॅटरी 12.7 आणि अर्धी 12.2 च्या आसपास, म्हणजे चूक फरकापेक्षा मोठी. 1 टक्केवाले मेटल फिल्म घ्या, नाहीतर मल्टिमीटरने मोजून गुणक कोडमध्ये टाका. आणि एडीसीचा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत तो मोजतो तो व्होल्टेज) रेग्युलेटरचे 5 व्होल्ट असेल तर तोही मोजा.

मेगाओहम: हे मान्य. तरी 100के-33के घ्या, 90 मायक्रोअँपवर भागेल.

गोठेवाला: टॉर्च घेऊन गोठ्यात जाऊन आलो. दोन्ही सोनेरी.