जुना हल्क की नवी चाळीस? दीड लाख कशात घालू?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. विषय जरा आगळा आहे, सांभाळून घ्या.

मी नाशिकचा, वय ४३, नोकरी. पीपीएफ, एसआयपी रीतसर चालू आहे, त्याला हात लावायचा नाही. यंदा बोनसचे दीड लाख आहेत आणि ते दहा-पंधरा वर्षं विसरून जायची तयारी आहे. मेहुणा डॅलसला असतो, त्याला कॉमिक्सचा नाद. दिवाळीला येतोय. त्याने दोन पर्याय ठेवलेत.

एक, १९७४ चा 'इन्क्रेडिबल हल्क'चा १८१ वा अंक. 'एक्स-मेन'मधला वुल्व्हरिन पहिल्यांदा अंकभर दिसतो तो. मुखपृष्ठाला घड्या आहेत, कणा खाली थोडा फाटलाय, पण "पानं सगळी आहेत" म्हणतो. घरचा माणूस म्हणून १,५०० डॉलर.

दुसरा, गेल्या सात-आठ वर्षांतले चाळीस नवे अंक. सगळी व्हेरियंट कव्हरं (अंक तोच, मुखपृष्ठ वेगळं), कोरी करकरीत. त्यातले बारा प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, दहापैकी ९.८ ग्रेडचे. पैसे जवळपास तेवढेच.

मला चाळीसच बरे वाटतात. एक पडलं तर एकोणचाळीस उरतात. हल्कबद्दल बायकोचं मत, "फाटकं पुस्तक सव्वा लाखाला घेणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता, आता रोज बघावा लागणार."

जाणकारांनी सांगावं.

ठाण्याचा_बंड्या

डोळे मिटून नवे घ्या. मी २०११ ला सिएटलला होतो. 'अल्टिमेट फॉलआउट'चा ४ था अंक, नवा स्पायडरमॅन माइल्स मोरालेस पहिल्यांदा आला तो, दुकानातून ३.९९ डॉलरला उचलला. २०१८ च्या डिसेंबरात त्याचा सिनेमा आला तेव्हा विकला आणि त्या पैशांत आईवडिलांना गोव्याला फिरवून आणलं. 'वॉकिंग डेड'चा २००३ चा पहिला अंक घ्या, जेमतेम सात हजारांच्या आसपास छापला होता. आज भाव बघा. जुन्याचे भाव आधीच आभाळाला टेकलेत, तिथे तुम्हाला काय उरलंय?

एडिसनचा_आबा

बंड्याभाऊ, तुमचं उदाहरण खरं, पण तुम्ही अंक घेतलात छापील किमतीला, सिनेमाच्या सात वर्षं आधी. गोदाकाठी घेणार मेहुण्याच्या आजच्या भावाने. मधली मलई कुणीतरी खाऊन झालेली आहे.

माझी फजिती सांगतो. १९९२ ला एम. एस. करायला न्यू जर्सीत आलो आणि नोव्हेंबरात सुपरमॅन मेला. अंक ७५. काळ्या पिशवीत सीलबंद, वर रक्त ठिबकणारा एस, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. टीव्हीवर बातम्या, दुकानाबाहेर रांग. अडीच डॉलरला एक. माझा आठवड्याचा किराणा पंचवीस डॉलरचा, त्यातले साडेबारा घालून पाच घेतले आणि आठवडा भात-लोणच्यावर काढला. पुढे चौदा वर्षं एकही पिशवी फोडली नाही. २००६ ला घर बदलताना पाचही मिळून दहा डॉलरला गेले. घेणारा म्हणाला, घरी चार पडलेत माझ्याकडे, पण या भावात सोडवत नाहीत.

कारण उघड आहे, माझ्यासारख्या लाखोंनी तेच केलं होतं. आदल्या वर्षीच 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक आला होता, पाच प्रकारची मुखपृष्ठं आणि ऐंशी लाखांच्या वर प्रती. लोकांनी पाचही घेतली, पिशवीत घातली, कपाटात ठेवली. जी वस्तू सगळ्यांनीच जपून ठेवली ती दुर्मीळ कुठून होणार? शेवटी दुकानं बंद पडू लागली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता १९३८ चा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक बघा. दहा सेंटचा. पोरांनी वाचला, फाडला, उरला तो आयांनी महायुद्धातल्या रद्दीच्या मोहिमेत देऊन टाकला. त्याची ८.५ ग्रेडची एक प्रत २०२४ च्या लिलावात साठ लाख डॉलरला गेली.

तुमच्या व्हेरियंट कव्हरांवर कुठे १:२५ असं लिहिलंय का बघा. दुकानदाराने साधे पंचवीस अंक मागवले की त्याला ते वेगळं कव्हर एक मिळतं. म्हणजे दुर्मीळपणा प्रकाशकाने ठरवून छापलेला, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा नवा छापणार. शिवाय ती चाळीस एकेक करून नाही पडत, एकदमच पडतात. ९.८ चं कौतुक तर बिलकुल नको. छापखान्यातून सरळ डबीत गेलेल्या अंकाला ९.८ म्हणजे बालवाडीतल्या पोराला शंभरपैकी शंभर.

म्हणून मी हल्ककडे झुकेन. पण थांबा, लगेच हो म्हणू नका.

१९७४ च्या सुमाराला मार्व्हल वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटं चौकोनी चित्र छापत असे, टपालाच्या तिकिटासारखं. पोरांनी ते कापून वहीत चिकटवायचं, अशी योजना. १८१ मध्येही ते आहे, आणि पोरांनी इमानेइतबारे कापलं. बाहेरून काही कळत नाही, पानंही मोजून पुरी भरतात. सीजीसी नावाची फ्लोरिडातली कंपनी अंकांना दहापैकी गुण देऊन डबीत बंद करते. तिकीट नसेल तर ती साध्या निळ्याऐवजी हिरवं लेबल लावू शकते, आणि भाव धाडकन खाली येतो. तेव्हा मेहुण्याला म्हणावं, पत्रांचं पान उघड आणि फोटो पाठव. मुखपृष्ठाचा नको, पत्रांच्या पानाचा.

मुखपृष्ठ आतून पांढऱ्या उजेडात बघायला सांगा. मी एकदा प्रदर्शनात साठच्या दशकातला एक अंक घेतला, कडा काळ्याभोर, मी खूश. घरी येऊन उघडला तर कण्यालगत आतल्या बाजूला शाई झिरपलेली. झिजून पांढऱ्या पडलेल्या कडा कुणीतरी मार्करने रंगवल्या होत्या. ग्रेडिंगला पाठवला, जांभळं लेबल लागून आला. जांभळं म्हणजे डागडुजी केलेला. विक्रेता पुढच्या वर्षी त्या टेबलावर नव्हता.

आणि मेहुण्याने तो कधी घेतला ते विचाराच. २०२१ मध्ये लोक घरात बसून होते, हातात पैसा होता, भाव वेडे झाले होते. नंतर उतरले. तेव्हाचा असेल तर तो तुम्हाला सवलत देत नाहीये, स्वतःची मान सोडवून घेतोय.

राजापुरी

आबा, सुंदर प्रतिसाद. माझा मुद्दा छोटा आहे, ठेवणार कुठे? आमच्या वडिलांकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा मोठा साठा होता. वेताळ, मॅन्ड्रेक, बहादूर. टाइम्सवाल्यांनी १९६४ ते १९९० काढलं ते. वडिलांनी मायेने दहा-दहा अंकांचे गठ्ठे बाइंड करून घेतले. बाइंडरने कडा यंत्रावर सरळ कापल्या, अंकांना भोकं पाडून सुतळीने शिवलं, वर मार्बल कागदाचा पुठ्ठा. मध्यंतरी मुंबईहून एक संग्राहक आला. त्याने गठ्ठा उघडला, वास घेतला, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला आणि काही न बोलता परत ठेवला. चहा मात्र दोन कप प्यायला.

जे चारपाच अंक बाइंडिंगमधून सुटले, त्यांच्या पिना चार पावसाळ्यांत गंजून कागदात उतरल्या. दोन कसरीने खाल्ले. नाशिकची हवा कोरडी, तुमचं बरं आहे, तरी माळ्यावर टाकू नका आणि डांबरगोळ्या घालू नका. अंकामागे बिनआम्लाचा बोर्ड, मायलरची (पारदर्शक प्लॅस्टिकची) पिशवी, अंक उभा, कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नको.

गोदाकाठी

सगळ्यांचे आभार. काल रात्री मेहुण्याला फोन केला. "कसलं तिकीट?" म्हणाला, आणि मग बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज.

फोटो आलाय. पत्रांच्या पानाला चौकोनी खिडकी. कात्रीने अगदी सरळ कापलेली, हात नाही हलला पोराचा. खिडकीतून मागच्या पानावरची अक्षरं दिसतात. त्याला खरंच माहीत नव्हतं. अंक २०२१ चाच घेतलेला निघाला, आणि १,५०० हून जास्तच मोजलेत त्याने.

आबा, आता काय भाव मागू?

एडिसनचा_आबा

माझ्या मते सातशेच्या वर जाऊ नका. डबीत घालू नका, ग्रेडिंगचा खर्चही अंगावर येईल. त्या भावात मिळाला तर घ्या, नाहीतर पैसे एसआयपीत टाका. चाळीस नव्यांतले चार-पाच मुलांना वाचायला मागून घ्या. मामा आहे, देईल.

गोदाकाठी

सातशे सांगितले. "ताईला विचारून सांगतो" म्हणाला. ताई म्हणजे माझी बायको.