पाण्याच्या मोटारींच्या केबली परत चोरीला गेल्या. गस्त टिकवायची कशी?

पलूसचा शेतकरी: कृष्णाकाठच्या मोटारींच्या केबली परत कापून नेल्या. वरचं रबर तिथंच जाळतात, तांबं तेवढं उचलतात. तक्रार दिलीय. गस्त दरवर्षी सुरू होते, ऊसतोड आली की बंद. कुणाच्या गावात टिकलीय का?

कोरेगावची सून: आमच्या ह्यांच्या नोकरीपायी आम्ही इंडोनेशियात, जावा बेटावर योग्यकर्त्याजवळ भातशेतीच्या गावात भाड्यानं राहायचो. तिथं रात्री पाळीनं गस्त, तिचं नाव रोंडा. चौकीवर लाकडाचा पोकळ ठोकळा टांगलेला, केंतोंगान. चोराला वेगळे ठोके, आगीला वेगळे. पण खरी गंमत जिंपितानची. घराबाहेर टांगलेल्या डबीत मूठभर तांदूळ ठेवायचा, गस्तवाले रात्री तो गोळा करतात, आणि तो विकून आलेला पैसा गल्लीच्या फंडात. सकाळी डबी भरलेलीच दिसली की कोण झोपलं होतं ते अख्ख्या गल्लीला कळतं! आता काही ठिकाणी तांदळाऐवजी नाणी टाकतात.

आटपाडीकर: वहिनी, आमच्यात तांदूळ उंदीरच नेतील. आणि मोटारी गावाबाहेर, तिथं डबी कुठं टांगणार?

कोरेगावची सून: भाऊजी, मोटारीच्या पेटीत वही ठेवा. पाळीवाल्यानं रात्री सही करायची, सकाळी पाणी धरायला जाणाऱ्यानं बघायची.

पलूसचा शेतकरी: वहीचं जमेल. पण सह्या घरी बसून आदल्या दिवशीच करणारे आमच्यात लई हायत.