केवळ तिवर वाढली म्हणजे खारफुटीचे जंगल परत आले का?

खाडीकाठ (चर्चाप्रस्ताव):
राज्याच्या वन विभागाचा कांदळवन (म्हणजे खारफुटीचे जंगल) कक्ष २०१२ पासून काम करीत आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घालून भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखण्यास सांगितले आहे. असे असूनही ठाणे खाडीच्या काठाने पाहत गेल्यास बहुतेक ठिकाणी खारफुटीची एकच जात, तिवर, दिसते. पावसाळा सरताना सागाची पाने खाणारी अळी याच तिवरांवर पडते आणि मैलोन्‌मैल झाडे उघडी करते, कारण तिला अडवणारे दुसऱ्या जातीचे झाड मध्ये नसते. म्हणून लागवडीचे यश हेक्टरांत न मोजता जातींच्या संख्येत मोजावे, असे माझे ठाम मत आहे.

भरतीरेषा:
मला हे मान्य नाही. ठाणे खाडीत तिवर वाढते ती कोणी निवडली म्हणून नव्हे, तर सांडपाणी, गाळ आणि क्षार यांचा भार सहन करून पानांवाटे मीठ बाहेर टाकण्याची क्षमता तिच्यात आहे म्हणून. अळीने खाल्लेली झाडे मरत नाहीत. काही आठवड्यांत त्यांना नवी पालवी फुटते. जातींची संख्या हेच उद्दिष्ट ठरले, तर ती भरून काढण्यासाठी कोठेही कांदळ ही खारफुटीची दुसरी जात रोवली जाईल. फिलिपिन्समध्ये अनेक वर्षे कांदळवर्गीय रोपे ती कधीच नव्हती अशा चिखलपट्ट्यांत आणि समुद्री गवताच्या कुरणांत लावली गेली आणि त्यांतली बहुसंख्य मेली.

खाडीकाठ:
आपण दिलेले उदाहरण माझ्याच बाजूचे आहे, कारण तेथेही सोयीची म्हणून एकाच वर्गातील झाडे सरसकट लावली गेली. सिंधुदुर्गातील खाड्या पाहा. मुखाजवळ, जेथे पाणी खारे आणि चिखल रोज बुडणारा, तेथे पांढरी चिप्पी उभी राहते (२०२० मध्ये हिलाच राज्य कांदळवृक्ष घोषित केले गेले). कांदळ आपल्या आधारमुळांवर तोल सांभाळते, गेवा किंचित उंच जमिनीवर असतो आणि गोडे पाणी मिसळते तेथे मारांडीची काटेरी झुडपे दिसतात. प्रत्येक जात भरतीच्या वेगळ्या उंचीवर चिखल धरते. एकीच्या भरवशावर अख्खा किनारा सोडणे मला धोक्याचे वाटते.

खारबंदिस्ती:
आमच्याकडे खारजमिनीचा (भरतीचे पाणी अडवून शेतीखाली आणलेल्या जमिनीचा) बांध फुटला आणि वर्षानुवर्षे दुरुस्त झाला नाही, की भाताच्या खाचरात तिवर आपोआप उगवते. रोप कोणी लावत नाही. भरतीचे पाणी आत येते, एवढेच पुरते. त्यामुळे रस्त्याच्या भरावाने किंवा राडारोड्याने जेथे पाणी अडले आहे, तेथे मोऱ्या मोठ्या करून ते आधी मोकळे करावे, असे मी म्हणेन. मात्र खारजमिनीला पुनरुज्जीवनाची जागा समजू नये, कारण तिच्यावर कुटुंबे जगतात. फ्लेमिंगो ज्या उघड्या चिखलावर चरतात तोही रिकामी जागा नव्हे. तेथे झाडे लावणे म्हणजे त्यांचे खाद्य हिरावणे आहे.

भरतीरेषा:
मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. पाणी मोकळे झाले, की कोणती झाडे यावीत हे खाडीला ठरवू द्यावे.

खाडीकाठ:
पाणी आधी मोकळे करावे, हे मीही स्वीकारतो. परंतु कांदळीचे बी झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखे होऊन पाण्यात पडते आणि तरंगत जाते. ज्या खाडीत मातृवृक्षच उरले नाहीत, तेथे भरती ते आणणार कोठून? तेथे खाडीला ठरवू देणे म्हणजे पुन्हा तिवरच. म्हणून पाणी मोकळे झाल्यावर दोन-तीन पावसाळे थांबावे, आपोआप काय आले याची नोंद ठेवावी आणि जी जात पूर्वी तेथे होती पण आली नाही, तेवढीच जवळच्या खाडीतील बियांपासून लावावी.

भरतीरेषा:
पूर्वी ती जात तेथे होती याचा पुरावा असेल, तर माझा विरोध नाही. पण निधी देणारा पहिल्याच वर्षी रोपांची संख्या मागणार असेल, तर हे दोन-तीन पावसाळे थांबण्याची मुभा कोण देणार, ते आधी सांगा.