चीलिन म्हणजे जिराफच ना राव?

उंटावरचा_शहाणा:
चिनी पुराणातला चीलिन माहितीये ना, हरणाचं अंग, बैलाची शेपटी, डोक्यावर शिंग आणि चालताना पायाखालचं गवतही चिरडत नाही म्हणे. माझ्या मते हा सरळसरळ जिराफ. १४१४ साली बंगालच्या सुलतानाने मिंग सम्राट योंगलला जिराफ नजराणा पाठवला तर दरबारात सगळे म्हणाले चीलिन आला चीलिन आला. जपानीत जिराफाला आजही किरिनच म्हणतात, म्हणजे चीलिनचंच जपानी रूप. अजून काय पुरावा पाहिजे?

वाचनवेडी:
दादा, गाडीमागे बैल जुंपलेत तुम्ही. इ.स.पू. ४८१ मध्ये चीनच्या लू राज्यात शिकारीत एक विचित्र जनावर सापडलं, कन्फ्यूशियसने बघून सांगितलं की हा लिन आहे (चीलिनचंच नाव ते). आफ्रिकेतला जिराफ तिथे काय पोहत आला? जिराफ चिकटला तो जवळपास १९०० वर्षांनी.

उंटावरचा_शहाणा:
बरं, मग सोमाली लोक जिराफाला 'गेरी' म्हणतात, ते चीलिनच्या जवळ जातं की नाही?

वाचनवेडी:
जातं की, म्हणून तर दरबाराचं फावलं! योंगलने १४०२ मध्ये सख्ख्या पुतण्याला हटवून गादी घेतली होती, आणि चीलिन दिसतो तो न्यायी राजाच्या काळात. असा राजा आयता आलेला शकुन सोडेल का? पहिल्या वेळी अधिकाऱ्यांचं अभिनंदन त्याने नको म्हणून परतवलं, पण १४१५ ला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून दुसरा जिराफ आला तेव्हा स्वतः दरवाजापर्यंत गेला 😄

गप्प_बसवेना:
मधेच बोलतो, त्या बंगालच्या जिराफाचं चित्र आहे ना, ज्यावर दरबारी शेन दूने स्तुती लिहिलीये, ते झूम करून बघा एकदा. जिराफाच्या अंगावर ठिपके नाहीतच, नुसती षट्कोनांची जाळी, लांबून अगदी खवले वाटतात. म्हणजे समोर जिवंत जनावर उभं असून चित्रकार चीलिनच काढतोय. मी वाचनवेडीच्या बाजूने.

उंटावरचा_शहाणा:
दोघं मिळून मला धुताय, धुवा. पण जपान्यांचं काय, ते उगाच किरिन म्हणतात?

वाचनवेडी:
नाव राहिलंय तिकडे, खरंय. पण किरिन बिअरची बाटली हातात घेऊन बघा, त्यावर जिराफ नाही, तो जुना आयाळवाला किरिन आहे. आणि चिनी लोक आज जिराफाला म्हणतात छांगचिंगलू, म्हणजे लांब मानेचं हरीण, चीलिनचं नावसुद्धा नाही त्यात.

उंटावरचा_शहाणा:
बाटली बघतो संध्याकाळी, मग बोलू.