आईला इफुगावची भातखाचरं दाखवायचीत (फिलिपाइन्स) – सल्ला हवा

मावळकन्या:
नमस्कार मंडळी. आईचं माहेर पवन मावळातलं, लग्न होईपर्यंत दर पावसाळ्यात तिने आवणी केलीय. आता वय 66, गुडघे दुखतात, पण चालायची हौस आहे. मध्यंतरी टीव्हीवर फिलिपाइन्समधल्या डोंगरातली खाचरं दिसली, तर ती उठून पडद्याजवळच गेली. म्हणाली, "एवढ्या चढावर पाणी कसं गं ठरतं?" तेव्हाच ठरवलं, हिला घेऊन जायचं.

हाताशी मनिला धरून आठ दिवस आहेत. इफुगाव प्रांतातल्या बनावे गावी राहावं की तिथून पुढच्या बटाड गावी? कधी जावं? आई पूर्ण शाकाहारी आहे. जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सह्यवाटा:
ताई, नक्की न्या. मी दोनदा जाऊन आलोय.

बहुतेक लोक रात्रीच्या बसने बनावेत उतरतात, गावाबाहेरच्या व्ह्यू पॉइंटवरून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी परततात. असं करू नका. फिलिपाइन्सच्या 20 पेसोच्या नोटेवर बनावेची खाचरं आहेत खरी, पण 1995 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या पाच ठिकाणांत व्ह्यू पॉइंटवरून दिसणारी खाचरं नाहीत. ती पाच म्हणजे बटाड, बांगान, मायोयाव, हुंगदुआन आणि कियांगानजवळचं नागाकादान. बनावे फक्त उतरण्यापुरतं ठेवा आणि बटाडला किमान दोन रात्री काढा.

गुडघ्यांचं म्हणाल तर बनावेहून जीपनी (तिथली प्रवासी जीप) किंवा ट्रायसिकलने (मोटारसायकलला जोडलेली रिक्षा) तासाभराचा रस्ता, पुढे पायवाट. आधी लागतात ती वरच्या अंगाची घरगुती राहायची ठिकाणं. तिथेच खोली घ्या. पडवीत बसलं की पुढ्यात अर्धगोल डोंगर आणि तळापर्यंत उतरत गेलेली खाचरं दिसतात, मधोमध गाव. आईंना खाली नाही उतरता आलं तरी काही अडत नाही. तप्पिया धबधब्याच्या पायऱ्या मात्र फार उभ्या आहेत, तो नाद सोडा.

त्याऐवजी एक दिवस हुंगदुआनमधल्या हापावला द्या. तिथे नदीकाठाने खाचरांच्या कडेकडेने बरंचसं सपाट चालता येतं आणि शेवटी गरम पाण्याचा झरा आहे. आईंना हे जास्त मानवेल.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, कारण सगळ्या प्रवासात मला हेच सर्वांत मोलाचं वाटलं. खाचरांच्या वर डोंगरमाथ्याला राखलेलं रान असतं, त्याला मुयोंग म्हणतात. ते एकेका कुटुंबाच्या मालकीचं. पावसाचं पाणी ते रान धरून ठेवतं, तिथून झरे, झऱ्यांतून पाट, आणि वरच्या खाचरातून खालच्यात. आपल्याकडे भात झालं की खाचर वाळतं, तिथे वर्षभर पाणी उभं ठेवतात. सुकून तडे गेले तर बांध ढासळतो. रान तुटलं की खाली खाचर आटलंच. म्हणून सांगतो, खाचरं बघताना नजर वर रानाकडेही जाऊ द्या.

बटाडचे बांध दगडी, काही माणसापेक्षा उंच. भिंतीतून मुद्दाम बाहेर काढलेले दगड असतात, त्यांवर पाय ठेवत वरच्या खाचरात चढायचं. चालताना पाऊल बांधाच्या दगडावरच ठेवा, कडेच्या मातीवर नको. माझ्या सोबत्याच्या पायाखाली कड खचली. पलीकडे तण काढणाऱ्या आजोबांनी येऊन एक शब्द न बोलता चिखलाचा गोळा घेतला, तळहाताने थापला, अंगठ्याने कड ओढून नीट केली आणि परत कामाला लागले. आम्हाला फार वाईट वाटलं. त्यांचा तो अंगठा अजून डोळ्यांसमोर आहे.

वाटाड्या बनावेतून नको, बटाडचाच घ्या. नवी पिढी शहरात जाऊ लागली, बांध पडू लागले, म्हणून 2001 मध्ये ही खाचरं धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेली होती, 2012 मध्ये त्यातून बाहेर आली. तुमचे पैसे खाचर कसणाऱ्या घरात गेले पाहिजेत, हे मी कळकळीने सांगतोय.

रेवदंडेकर:
वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत. शाकाहारीसाठी एक महत्त्वाचं: 'पिनाकबेत' नावाची मिश्र भाजी दिसायला निर्धोक वाटते, पण तिच्यात बागूओंग, म्हणजे आंबवलेल्या मासळीचं किंवा कोळंबीचं वाटण असतं. मागवतानाच "बागूओंग नको" म्हणा. भात भरपूर मिळतो. सोबत मेतकूट, लसणीची चटणी न्याच. रोख पेसो मनिलातूनच घ्या, वर एटीएमवर विसंबू नका.

मनिलाकर:
मी इथे नोकरीला आहे. मनिला ते बनावे रात्रीची बस, नऊ-दहा तास. एसी इतका कडक की आईंना शाल, कानटोपी, मोजे हवेतच. जून 2025 पासून भारतीयांना पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं.

काळ: जुलै ते ऑक्टोबर नको, वादळं आणि दरडी. हिरवंगार हवं तर एप्रिल-मे. पण आईंनी आवणी केलीय म्हणताय, तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बघा. लावणी साधारण तेव्हाच असते, गावागणिक मागेपुढे होते. खोली ठरवतानाच घरमालकिणीला विचारा.

मावळकन्या:
सगळ्यांचे मनापासून आभार. फेब्रुवारी नक्की केला. आईला मुयोंगचं वाचून दाखवलं, म्हणाली, "म्हणजे आपल्या देवराईगत." एक शंका: ही खाचरं 2000 वर्षांची आहेत असं सगळीकडे वाचते. खरं का?

सह्यवाटा:
तो जुना अंदाज. पुरातत्त्वज्ञ स्टीफन अकाबादो यांच्या उत्खननावरून ओल्या भातशेतीचा विस्तार साधारण 400 वर्षांपूर्वीचा दिसतो: स्पॅनिश आले, माणसं डोंगरात आत सरकली आणि भात वाढवला. त्याआधी तिथे अळूची लागवड होती. मला यात काही कमीपणा वाटत नाही. चारशे वर्षांत एवढे डोंगर हाताने बांधले, स्पॅनिशांना दाद दिली नाही, हे मला जास्त मोठं वाटतं.

आणि देवराईबद्दल: देवराई देवाची, मुयोंग घराचं. त्यातून सरपण आणि लाकूडही काढतात, पण राखून. आईंना अजून एक ओळखीचं सापडेल. लावणीला एकमेकांकडे पाळीपाळीने राबतात, त्याला उब्बू म्हणतात. आपली सावडच.

मावळकन्या:
सावड वाचून आईचे डोळे भरून आले. तिचा शेवटचा प्रश्न: तिथलं बियाणं बघायला मिळेल का?

सह्यवाटा:
मिळेल. त्यांच्या जुन्या भाताला तिनावोन म्हणतात, वर्षातून एकदाच येणारं. लोंब्या एकेक कापून जुड्या बांधतात आणि घराच्या माळ्यावर ठेवतात. घर चार खांबांवर उभं असतं आणि प्रत्येक खांबाला वरच्या बाजूला लाकडाची गोल चकती बसवलेली असते, उंदीर वर चढू नये म्हणून. घरच्या बाईला विचारून आईंना जुडी हातात घेऊ द्या. बियाणं मात्र सोबत आणू नका, विमानतळावर अडवतात. खायला तांदूळ हवा असेल तर तिथेच शिजवून मागा, त्याचा वास आंबेमोहोरापेक्षा वेगळा आहे.