कॅमेऱ्यामुळे खरंच शिस्त लागते का? संभाजीनगर, जालना, लातूर, बीडवाल्यांनो, बोला

धागाकर्ता (संभाजीनगर): रात्री अकराला जालना रोडवर बघा. चौकात हवालदार नसतो, तरी कॅमेरा आहे तिथं बरेच जण लाल दिव्याला पट्ट्याच्या आत थांबतात. पुढच्या बिनकॅमेऱ्याच्या चौकात तेच सुसाट. धाक दंडाच्या आकड्याचा नसतो, आपण सापडणारच या खात्रीचा असतो. हवालदाराला 'साहेब ओळखीचे आहेत' सांगून सुटता येतं. कॅमेरा कुणाचा भाचा, कुणाचा कार्यकर्ता बघत नाही. दिवा लाल असताना पट्टा ओलांडला की फोटो, नंबर प्लेट वाचली जाते, मालकाच्या मोबाइलवर ई-चलान. प्रत्येक मोठ्या चौकात हे हवंच.

बीडकर: कसला धाक राव! ट्रिपल सीट पोरं प्लेट वर वाकवतात, नाहीतर शेवटच्या आकड्याला चिखल फासतात. त्यांचं काही होत नाही. प्लेट सरळ ठेवणाराच सापडतो. माझ्या चुलत्यानं मोटरसायकल विकली, घेणाऱ्यानं नावावर केली नाही. चलान चुलत्यालाच येतात!

धागाकर्ता: काकांचा त्रास खरा आहे. पण गाडी विकली की १४ दिवसांत फॉर्म २९ भरून आरटीओला कळवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० मध्येच आहे. ते आजही करून घ्या. वाकवलेल्या प्लेटबद्दल मात्र पटलं. तिथं माणूसच लागतो, चौकात उभा राहून गाडी बाजूला घेणारा.

लातूरची शिक्षिका: मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही, अर्धवट कारभाराच्या विरोधात आहे. २०२१ मध्ये केंद्रानं नियम १६७ अ आणला. कॅमेरा आहे अशी पाटी ठळक लावा आणि चलानाची नोटीस १५ दिवसांत द्या, असं त्यात आहे. आमच्या चौकातला थांबरेषेचा पट्टा पावसाळ्यातच पुसला गेला. थांबायचं कुठं ते दिसत नसेल तर दंड कशाचा? आणि मेसेज महिन्यांनी आला तर तो दिवस कुणाला आठवतो? उशिरा आलेल्या शिक्षेतून कुणी शिकत नाही, हे मी वर्गात रोज बघते.

जालन्याचा ड्रायव्हर: समृद्धी महामार्गाचं सांगतो. कारला १२० ची मर्यादा. कॅमेरा आला की ब्रेक, मागं पडला की पुन्हा १५०. उलट त्या अचानक ब्रेकनं मागच्याचा जीव जातो. दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजा. ६० किलोमीटर २४ मिनिटांत काटले म्हणजे १५० नं आला, मग मधल्या खांबाखाली कितीबी हळू होऊ दे.

बीडकर: हे पटलं. पण हेल्मेटचं काय? २०१९ च्या दुरुस्तीत १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन आहे. इथं निलंबन झालेला एक माणूस दाखवा. लोक चलान साठवतात आणि लोकअदालतीत कमी होईल म्हणून वाट बघतात.

धागाकर्ता: म्हणूनच म्हणतो, वसुली आणि निलंबन दोन्ही चालू करा. मेसेज त्याच दिवशी यावा, लातूरच्या ताई म्हणतात तसा पट्टा आधी रंगवावा. पण तोवर कॅमेरे नकोत, हे मला मान्य नाही. शाळा सुटताना जालना रोड ओलांडणारी पोरं बघा एकदा.

बीडकर: पोरांसाठी असेल तर स्पीडब्रेकर टाका आणि हवालदार उभा करा. कॅमेरा गाडी थांबवत नाही, धडक झाल्यावर फोटो देतो.