मदत हवी आहे : कोकणात कुत्र्यासह तंबूत दोन रात्री (तातडीचं)

घाईतला_पुणेकर
नमस्कार. वेळ कमी आहे, थेट विचारतो. बंड्याला घेऊन समुद्राकाठी तंबूत दोन रात्री राहायचंय. कुठे जावं? दोन ठिकाणी फोन झाले. एकाच्या जाहिरातीत 'पाळीव प्राण्यांचं स्वागत' आणि फोनवर 'आणा की, पण तो गाडीतच राहील ना?' दुसऱ्याने आगाऊ पैसे घेतले आणि काल कळवलं की बाकीच्या पाहुण्यांची हरकत आहे. पैसे अजून परत नाहीत. तंबू घरचा आहे, चार माणसांचा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. 'गुगलवर शोधा' नको, शोधून झालंय.

खाडीकाठ
कधी जाताय? किती जण? कुत्रा कुठल्या जातीचा, केवढा?

घाईतला_पुणेकर
शनिवारी. मी, बायको, बंड्या. जातीने काय फरक पडतो? शांत आहे, भुंकत नाही.

खाडीकाठ
येत्या शनिवारी? भर मे महिन्यात?

सुरुबन
दापोलीकडे जा. कर्दे, लाडघर, मुरूड, कुठेही. आम्ही आमच्या लॅब्रडॉरला घेऊन चारदा गेलोय. हॉटेलवाल्यांच्या नादी लागू नका, गावात ज्यांची वाडी आहे त्यांना विचारा, जेवण त्यांच्याकडेच घ्या, तंबूला जागा मिळते. सुरूच्या झाडांखाली सावली छान. फक्त सुरूच्या सुया केसांत अडकतात, आणि परत आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचिडी बघायच्या. आमच्याला एकदा गोचीडताप झाला होता, महिनाभर डॉक्सी (प्रतिजैविकाच्या गोळ्या) चालू होतं. आणि समुद्राचं पाणी पिऊ देऊ नका. पहिल्या वेळी लाटांशी खेळताना प्यायला, रात्रभर तंबूत उलट्या आणि जुलाब. तो तंबू नंतर टाकूनच दिला.

टिटवी
सुरुबन, तुमच्यासारख्यांमुळेच किनाऱ्यांची वाट लागते. वेळास, आंजर्ले, त्या सगळ्या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. मोकळं सोडलेलं कुत्रं घरटं उकरतं. रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकून दिवे लावले की पिल्लं समुद्राऐवजी दिव्याकडे चालायला लागतात.

सुरुबन
मी 'मोकळा सोडा' कुठे लिहिलंय? वाडीत राहा म्हणालोय. घरटी कधीच कुंपणात हलवलेली असतात, आणि मे महिन्यात हंगाम संपत आलेला असतो. अंडी उकरतात ती गावातली भटकी कुत्री, त्यांच्यावर लिहा.

टिटवी
संपत आलेला म्हणजे संपलेला नव्हे. अंड्यातून पिल्लू यायला दीड-पावणेदोन महिने लागतात, उशिरा घातलेली अंडी मे महिन्यातही फुटतात. आणि तुमचं कुत्रं गावातल्या कुत्र्यांना कसं ओळखू येतं, तेही सांगा. रात्रभर तंबूभोवती टोळी उभी राहते.

नानाकाका
रेल्वेने न्यायचं असेल तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. टू टायर, थ्री टायरमध्ये चालत नाही. 1980 च्या सुमारास आम्ही अल्सेशियन मिरजेहून असाच आणला होता, तेव्हाचे गार्ड फार सज्जन.

घाईतला_पुणेकर
काका, गाडीने जातोय. पुणे-दापोलीला रेल्वे नाहीच.

देवबागची_माहेरवाशीण
तंबू माडाखाली लावू नका. पुण्याहून आलेले लोक हमखास तिथेच लावतात, फोटो छान येतो म्हणून. नारळ राहू दे, सुकलेली झावळी पडली तरी माणूस आडवा होतो. पोफळीच्या बागेतही नको, रोज शिंपण असतं, ओल आणि डास. वाळूवर लावणार असाल तर आधी तिथी बघा. तिथीला पाऊण पटीने गुणलं की भरतीची वेळ, अष्टमीला 6 वाजता. पुनवेला, अवसेला उधाण असतं, पाणी पार सुरूच्या मुळांशी येतं. आणि किनाऱ्यावर फुगलेला केंड मासा पडलेला दिसला तर कुत्र्याला लांब ओढा, तो विषारी. जाळ्यातून काढून टाकलेले पडलेले असतात.

मासेखाऊ
जाता जाता, 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे मे महिन्यातच जाऊन या. हर्णैला संध्याकाळचा लिलाव चुकवू नका. कुत्र्याला काटे काढून बांगडा द्या, खूष होईल.

चौथा_पाय
मूळ धाग्यावर येऊ या. घाईतला_पुणेकर, खाडीकाठ यांनी विचारलेलं तुम्ही अजून सांगितलेलं नाही. जात, वय, वजन. आणि गाडीला एसी आहे ना? हे उत्सुकता म्हणून विचारत नाहीये.

घाईतला_पुणेकर
पग. 8 वर्षांचा. वजन 11 किलो. एसी महिन्याभरापासून बंद आहे, पण ताम्हिणीमार्गे जाणार, घाटात थंड असतं. आता तरी जागेचं सांगाल का?

चौथा_पाय
मग जागेचं आता नंतर. चपट्या नाकाचा कुत्रा, त्यात पगसाठी 11 किलो म्हणजे जवळपास दीडपट. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून जिभेवरचं, तोंडातलं पाणी उडवतो आणि त्यानेच गार होतो. कोकणात मे महिन्यात हवा आधीच पाण्याने भरलेली, पाणी उडायला जागाच नाही. लॅब्रडॉर कसाबसा निभावतो, पगची हवेची वाटच अरुंद. दवाखान्यात उष्माघाताचे असे दोन पाहिलेत, त्यातला एक वाचला. ताम्हिणी उतरल्यावर माणगाव ते दापोली बिनएसीच्या गाडीत, दुपारी, तुम्हीच विचार करा.

सुरुबन
उगाच घाबरवू नका हो. समुद्रकाठी वारा असतो.

देवबागची_माहेरवाशीण
दिवसा असतो. खारा वारा दुपारी जोरात येतो, संध्याकाळनंतर पडतो. रात्री मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा) सुटेपर्यंत पान हलत नाही, आणि मे महिन्यात कधी कधी सुटतच नाही. आम्ही खळ्यात बाज टाकून झोपतो ते काय हौस म्हणून? तंबूत तर दोन माणसांचा श्वास आत कोंडणार. सकाळी कापड आतून ओलं असतं.

घाईतला_पुणेकर
तंबूला चारही बाजूंनी जाळी आहे. आणि मी त्याचे केस बारीक करून घेणार होतो.

हस्कीवाली
केस मुळीच काढू नका! दुहेरी केसांचं अस्तरच उन्हापासून वाचवतं. आमच्या हस्कीला कोथरूडमध्ये

चौथा_पाय
कोथरूडातल्या हस्कीवर वेगळा धागा काढा, तिथे भांडू (हलकेच घ्या). पगला केस काढून काही मिळणार नाही, अडचण नाकात आहे. कुणालाही जायचंच असेल त्यांच्यासाठी: अंगाचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचं, 104 च्या वर धोका. जीभ लालभडक किंवा जांभळट, लाळ दोरीसारखी, चालताना तोल जातो. लगेच सावलीत, अंगावर गार पाणी ओतत राहायचं, पोट आणि जांघा आधी, वरून वारा. ओला टॉवेल पांघरून तसाच ठेवायचा नाही, तो गरम होऊन उलट उष्णता कोंडतो. आधी गार करा, मग डॉक्टरकडे पळा. तालुक्याच्या गावाबाहेर सहसा गुरांचा डॉक्टरच भेटतो, त्याच्याकडे जायला लाजू नका.

मासेखाऊ
कोकम सरबत द्यावं, उष्णतेवर रामबाण.

चौथा_पाय
त्यात साखर आणि मीठ. पाणी द्या. नुसतं पाणी.

खाडीकाठ
घाईतले, माझं ऐका. आंजर्ल्याच्या अलीकडे आमच्या ओळखीचं घर आहे. पडवीला पंखा, शेणाने सारवलेली जमीन, ती दुपारीही गार असते. कुत्रा स्वयंपाकघरात आणि देवघरात न्यायचा नाही, एवढीच अट. निरोप पेटीत फोन नंबर टाकतो. तंबू अंगणात लावा, फोटो काढा आणि झोपायला पडवीत या. निघताना पहाटे 4 ला निघा, ऊन चढायच्या आत पोचाल. परततानाही तसंच. आणि फुरसं, विषारी साप! जांभ्या दगडाच्या गडग्यापाशी त्याला हुंगत फिरू देऊ नका, आमच्याकडे सर्रास असतात.

बोकोबा
आमचा बोका पण येईल का त्या घरी? तो मांजर असला तरी पट्टा घालून फिरतो.

टिटवी
खाडीकाठ +१. पट्टा मात्र सोडू नका.

घाईतला_पुणेकर
बायकोने सगळा धागा वाचला. म्हणते एसी दुरुस्त झाल्याशिवाय बंड्या हलणार नाही, आणि मी गेलो तर एकटा जायचं. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेलाय, गुरुवारपर्यंत बघू. खाडीकाठ, नंबर मिळाला, बोललो. मावशींनी पहिला प्रश्न विचारला, 'भात खातो का?' खातो म्हटलं. तंबूचं डिसेंबरात बघू. त्या दुसऱ्याकडून आगाऊ पैसे कसे सोडवायचे, कुणाला अनुभव?

नानाकाका
डिसेंबरात मांडवी एक्स्प्रेसला गर्दी असते, कूपेचं आधीच बघून ठेवा.